श्रमाला प्रतिष्ठा देणारा शिक्षक : कर्मवीर भाऊराव पाटील



वाशीला राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयाची पाटी पाहिली असेल. आपल्या कुणाचा मुलगा, कुणाची भाची तेथे शिकलीही असेल. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच रयत शिक्षण संस्थेचे. पाटी आपण रोज वाचतो, पण पाटीवरच्या माणसाची ओळख बहुधा परीक्षेतल्या चार गुणांच्या टिपेपुरतीच राहते. त्या माणसाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे, आणि त्यामागे एक हेतू आहे.

आपल्या घराघरांत आज एकच काळजी आहे. मुलगा दहावी झाला, बारावी झाला, पुढे काय? पदवी मिळाली तर नोकरी मिळेल का? हाती हुन्नर नाही म्हणून पदवीधर घरी बसतो, आणि हाती कागद नाही म्हणून हुन्नर असलेल्याला बढती मिळत नाही. शिक्षण एकीकडे आणि रोजगार दुसरीकडे, अशी ही फारकत झाली आहे. ही फारकत मोडून काढण्यासाठी एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी कंबर कसली. तो स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. म्हणूनच त्याचे जीवन आपण नीट समजून घेतले पाहिजे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन, शेतकरी. मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण गावोगाव झाले.

लहानपणापासून या मुलाला अन्याय सोसवत नसे. त्या काळी गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. बायाबापड्या कडेला घागरी घेऊन तिष्ठत राहत आणि कुणी वरून पाणी ओतील तर घेत. हे पाहून या मुलाने एकदा विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पाणी मिळेल तर सर्वांना मिळेल, नाहीतर कुणालाच नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. पुढे याच हिशेबाने त्यांनी शिक्षणाकडे पाहिले.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासात त्यांचे लक्ष फारसे नव्हते. कुस्ती, पोहणे आणि मित्रमंडळी यांत ते रमत. गणित तर त्यांचे वैरीच होते. छत्रपती शाहू महाराजांचा या दांडग्या मुलावर लोभ होता. त्याला वरच्या वर्गात घालावे अशी शिफारस महाराजांनी केली, तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले की, हा मुलगा बसतो तो बाक हवा तर वर चढवतो, पण मुलाला नाही! ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांनी ऐकली आहे. मित्रहो, येथे दोन माणसांचा मोठेपणा दिसतो. राजाच्या शब्दापुढेही खोटा गुण न देणारा शिक्षक एक, आणि ते ऐकून त्या शिक्षकाला शिक्षा न करणारा राजा दुसरा.

स्नान नाकारणारा विद्यार्थी

१९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. बोर्डिंगमध्ये परतल्यावर त्यांना सांगण्यात आले की विटाळ झाला आहे, स्नान करून मगच भोजनगृहात या. भाऊरावांनी स्नान करण्यास साफ नकार दिला. माणसाला भेटून माणूस बाटत नाही, ही त्यांची भूमिका होती. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या बोर्डिंगची देखरेख अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

डोक्यावरचे छप्पर गेले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. राजवाड्यात राहून त्यांनी महाराजांचे काम जवळून पाहिले. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली होती, त्यांत मुसलमान मुलांसाठीचे मोहामेडन बोर्डिंगही होते. गरिबाच्या पोराला शाळेपेक्षाही आधी राहण्याची आणि दोन घासांची सोय लागते, हा धडा भाऊरावांनी येथे घेतला. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी या एका विषयात मात्र पहिला आला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पोटासाठी वणवण

शाळा सुटली, लग्न झाले. पत्नी आदाक्का, पुढे त्यांना लक्ष्मीबाई म्हणू लागले. संसाराची जबाबदारी आली आणि हाती कसलेही प्रमाणपत्र नाही. आजच्या कितीतरी तरुणांची हीच स्थिती असते, म्हणून येथे थोडे थांबू या.

भाऊराव मुंबईला जाऊन मोत्यांची पारख शिकू लागले. ते जमले नाही. साताऱ्याला येऊन त्यांनी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. गणितात नापास झालेला हा माणूस शिकवण्या घेऊन घर चालवू लागला आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. याच काळात काही मित्रांच्या साहाय्याने दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम उभारण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला.

इतक्यात १९१४ साली एक मोठे संकट कोसळले. कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्याचा घाट घातला गेला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यांच्या देखरेखीखालच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगात डांबले, छळ झाला. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचा प्रयत्नही केला, पण शब्द फिरवला नाही. पुढे ते सुटले. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यावरही खोटा आळ येऊ देऊ नये, हे ज्याला समजले त्याला शाळेची पदवी नसली तरी काय बिघडले?

विक्रेता झाला विद्यार्थी

यानंतर भाऊराव विक्रेते झाले. ओगले काच कारखान्याच्या मालाची विक्री त्यांनी केली. मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे ते फिरते विक्रेते झाले. आज आपण सेल्समन म्हणतो तेच काम, पण मोटारी नाहीत, टेलिफोन नाहीत, आणि गिऱ्हाईक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालवणारा शेतकरी. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. अशा माणसाला नांगर विकणे म्हणजे आधी त्याच्या बांधावर बसणे, त्याची भाकरी खाणे, त्याचे ऐकून घेणे आणि मग नांगर चालवून दाखवणे. बोलण्याने नव्हे, करून दाखवण्याने माणसाला पटते, ही विद्या भाऊरावांनी या धंद्यात मिळवली.

या भटकंतीत त्यांनी मुलूख पायाखाली घातला आणि एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. शेतकरी राबतो, पण कर्जात असतो. सावकार कागदावर काय लिहितो हे त्याला वाचता येत नाही. त्याच्या पोराला शाळा नाही. असली तर ती दहा कोसांवर, आणि तेथे राहावे कोठे, खावे काय? नांगराने जमीन सुधारेल, पण माणूस कशाने सुधारणार? नांगर विकता विकता हा प्रश्न त्यांनी उराशी धरला.

पुढे साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा कूपर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. सातारा रोडजवळ पाडळी येथे कूपर यांचा नांगराचा कारखाना उभा राहिला, त्यात भाऊरावांचा हात होता. काही काळाने मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. धंद्यातून पैसा मिळवून शिक्षणाला द्यावा, हा विचार मागे पडला. आता सगळे आयुष्यच शिक्षणाला द्यावयाचे, असे त्यांनी ठरवले.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, राबणारा माणूस. हा शब्द अरबीतून आपल्या मराठीत आला आणि शिवकालापासून तो मराठी कारभारात रुळला आहे. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते आणि ते मूळ झाडाला आधार देते. शिकलेल्या मुलाने पुढच्या मुलाला आधार द्यावा, असा त्याचा अर्थ आपण घेऊ शकतो.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान असा भेद नव्हता. सर्वांनी एका पंक्तीत जेवायचे, एकाच चुलीवर स्वयंपाक करायचा, एकत्र झोपायचे. आज हे वाचून विशेष वाटणार नाही, पण त्या काळी गावोगाव पाणवठे वेगळे होते, हे ध्यानात घ्या. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तेथे आले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र नांदताना पाहून त्यांना समाधान वाटले आणि त्यांच्याच हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले.

बोर्डिंग म्हणजे पैसा आला, आणि पैसा नव्हता. भाऊराव गावोगाव हिंडून धान्य जमवीत. मुष्टी फंड ही त्यांची युक्ती. घरच्या बाईने रोज दळण करताना एक मूठ धान्य बाजूला काढावयाचे आणि ते बोर्डिंगला द्यावयाचे. एक मूठ कुणालाही जड नाही, पण हजार घरांच्या मुठी झाल्या म्हणजे पोती भरतात. आपल्या समाजातही रमजानमध्ये, सणावारी दान देण्याची रीत आहे. ते दान एका दिवसाच्या खाण्यापुरते न राहता एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणाला कसे पुरेल, हे या मुष्टी फंडावरून शिकावे.

लक्ष्मीबाईंचा त्याग

पालक भगिनींनो, येथे लक्ष्मीबाईंबद्दल चार शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुखवस्तू पाटलाच्या घरातली ही मुलगी. सोवळ्याओवळ्यात वाढलेली. नवऱ्याने घरी आणलेली नाना जातींची पोरे प्रारंभी त्यांना जड गेली असतील, तर नवल नाही. पण हळूहळू त्या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. बोर्डिंगमधले धान्य संपले, उधारी मिळेना, भाऊराव गावाला गेलेले, अशा वेळी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. मुले उपाशी झोपली नाहीत. १९३० साली ही माउली गेली. रयतेच्या आजच्या मोठ्या इमारतींच्या पायात त्या बाईचे सोने आहे. एखादी संस्था कोणाच्या देणगीवर उभी राहिली हे संगमरवरावर कोरलेले असते, कोणाच्या त्यागावर उभी राहिली हे पुष्कळदा कोरलेले नसते.

कमवा आणि शिका

आता आपण या चरित्राच्या गाभ्याशी आलो. भाऊरावांनी पाहिले की वर्गणी आणि दान यांवर किती दिवस काढावयाचे? शिवाय दानावर शिकलेल्या मुलाची मान खाली राहते. तेव्हा मुलाने स्वतःच्या श्रमाने शिकावे. दिवसाचे काही तास शेतात, बागेत, बांधकामावर काम करावे आणि उरलेला वेळ अभ्यास करावा. त्याच्या श्रमाचे मोल त्याच्या जेवणाखाणात आणि फीमध्ये वळते व्हावे. यालाच कमवा आणि शिका म्हणतात.

बोर्डिंगमधल्या मुलांनी धनिणीच्या बागेत माती उकरली, भाजीपाला लावला, लाकडे फोडली, भांडी घासली, भाकऱ्या थापल्या. १९३५ साली साताऱ्याला संस्थेने शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. तेथून तयार होऊन निघालेले शिक्षक खेड्यापाड्यांत गेले. दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवर संस्थेने सुरू केलेल्या प्राथमिक शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. श्रम करून मोफत शिकण्याची आणि राहण्याची सोय असलेले हे हायस्कूल होते. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, याच तत्त्वावर साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. त्याच्या माळरानावर विद्यार्थ्यांनी दगड फोडले, माती वाहिली, झाडे लावली. आपण बसतो त्या वर्गाची भिंत आपण बांधली आहे, हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक असते तो त्या भिंतीवर नाव कोरत बसत नाही.

या रीतीने काय साधले? पहिले म्हणजे, गरिबी हे शाळा सोडण्याचे कारण उरले नाही. दुसरे, शेतकऱ्याचा मुलगा शिकला म्हणून शेताला लाजेनासा झाला. तिसरे, उच्चवर्णीय घरातला मुलगा आणि दलित घरातला मुलगा एकाच टोपलीचे दोन कान धरू लागले, आणि व्याख्यानांनी जे होत नाही ते टोपलीने केले. चौथे, वेळेवर उठणे, नेमून दिलेले काम पुरे करणे, हत्यार जागेवर ठेवणे, दुसऱ्याबरोबर मिळून काम करणे या सवयी लागल्या. आज कारखानदार नोकरीसाठी याच गोष्टी पाहतात.

याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन त्यांनी वकिलीत पैसा न मिळवता शिवाजी कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पारंबीचे खोड झाले ते असे. भाऊरावांच्या सहकाऱ्यांत इस्माईलसाहेब मुल्ला हेही होते. साताऱ्याच्या विधी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. मुसलमान समाजातल्या मुलांनी हे नाव विसरू नये. रयतेचे काम एका जातीचे वा धर्माचे नव्हते, याचा तो पुरावा आहे.

शिक्षणाला श्रमाची जोड द्यावी हा विचार त्या काळी इतरत्रही रुजत होता. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींनी शिक्षण परिषद भरवली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजेच नई तालीमची योजना आखण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. १९३६ साली भायखळ्याला साबू सिद्दिक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, तीही याच काळातली. हाताला काम आणि डोक्याला विद्या, हे आपल्या समाजाला परके नाही.

अखेरची वर्षे

गांधीजींची हत्या झाली तेव्हा भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. सरकारवर उघड टीका करावयालाही ते कचरले नाहीत. त्यामुळे मुंबई सरकारने काही काळ संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था संकटात आली, पण लोकांनी ती तोलून धरली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले. त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या संताचे नाव कॉलेजला देणे, ही कल्पना भाऊरावांनाच सुचावी!

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी शाळेत अडकलेला विद्यार्थी शेवटी विद्यापीठाच्या सर्वोच्च पदवीचा मानकरी झाला. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. कर्मवीर ही पदवी मात्र कोणत्याही विद्यापीठाची नव्हती, ती लोकांनी दिली होती. आज त्यांच्या संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

आपल्यासाठी यात काय आहे?

वाचकहो, चरित्र वाचून वही मिटण्यात अर्थ नाही. आपण नवी मुंबईत राहतो. हे शहर १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर शेतकऱ्यांच्या आणि आगरी, कोळी, कोकणी मुसलमान अशा गावकऱ्यांच्या जमिनींवर उभे राहिले. मिठागरे गेली, भातखाचरे गेली, खाडीतली मासेमारी आटली. भरपाईचा पैसा ज्या घराने मुलांच्या शिक्षणात आणि कसबात घातला ते घर तरले. ज्या घराने तो गाडीत आणि लग्नाच्या थाटात घातला, त्याचे काय झाले हे गावोगाव दिसते. जमीन एकदाच विकता येते, कसब रोज विकता येते आणि तरी आपल्याकडेच राहते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, तुर्भ्याला घाऊक बाजार आला, १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कामे आली, पण ती शिकलेल्या हाताला आली. क्रेन चालवणारा, वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, गोदामाचा हिशेब ठेवणारा, रुग्णालयातली परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. गावच्या वेशीवर विमान उतरते आणि गावचा मुलगा तेथे फक्त पहारेकरी म्हणून उभा राहतो, असे होऊ द्यावयाचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

सुदैवाने आज भाऊरावांच्या काळापेक्षा वाटा पुष्कळ आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, १९५० च्या योजनेपासून चालत आल्या आहेत. तेथे फी थोडी असते आणि वायरमन, फिटर, मोटार मेकॅनिक असे विषय शिकता येतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येते आणि शिकताना विद्यावेतनही मिळते. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. हा आपला हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली तरुणांसाठी कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे, असे सुचवले आहे. भाऊरावांनी हे कागदावर येण्याची वाट पाहिली नव्हती.

पण या वाटांवर चालताना सावध राहावे. विद्यावेतन संपले की पुढे काय, हे आधी विचारावे. प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे, ते सरकारमान्य आहे का, हे पाहावे. चार महिन्यांत नोकरीची हमी देऊन आधी मोठी रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे. खरे शिक्षण देणारा माणूस आधी यंत्र दाखवतो, मग फी सांगतो. शिकाऊ मुलाकडून नुसता चहा आणवून घेतला जातो की त्याच्या हाती पाना दिला जातो, हे पालकांनी जाऊन पाहावे. भाऊरावांच्या मुलांनीही माती वाहिली, पण त्यांच्या संध्याकाळी वही-पुस्तकासाठी राखलेल्या होत्या. ज्या कामात शिकणे नाही ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्त मजुरी होय. हा फरक त्यांनी कधी विसरू दिला नाही.

आणखी एक. आपल्यातल्या काही घरांत मुलगा गॅरेजमध्ये शिकतो हे सांगायला लाज वाटते, पण तोच मुलगा आखाती देशात जाऊन तेच काम करू लागला की अभिमान वाटतो. काम तेच, हात तेच. मग लाज कशाची? आणि मुलीचे शिक्षण दहावीला थांबवणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे की लक्ष्मीबाईंनी दागिने मोडून मुलांना शिकवले. दागिने करण्यासाठी मुलीचे शिकणे मोडू नका.

विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एक करा. दोन तास कुठेही काम करा. कॉलेजच्या ग्रंथालयात, मामाच्या दुकानात, शेजारच्या सुताराकडे, कुठेही. पहिली मिळकत हातात आली की तिच्यातून एक पुस्तक विकत घ्या. स्वतःच्या घामाच्या पैशाने घेतलेले पुस्तक वाचताना कसे वाटते, हे साताऱ्याच्या त्या मुलांना ठाऊक होते. तुम्हालाही ते ठाऊक व्हावे, आणि वाशीच्या त्या पाटीपुढून जाताना ते नाव ओळखीचे वाटावे, एवढीच इच्छा.